‘सोनचूल’ कुणाची? सारख्या नावावरून नोटीस आली तर काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. (व्यवसायाचं नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका ताईंच्या सासूबाईंनी २००८ साली घरातूनच डंकावर कुटलेली कांदा-लसूण चटणी विकायला सुरुवात केली. नाव ठेवलं ‘सोनचूल’. आज चटणी, गरम मसाला, लोणचं असा पसारा आहे आणि जिल्ह्याबाहेरही माल जातो. २०१५ ते २०२१ त्यांचा माल उचलणाऱ्या वितरकाने २०२२ मध्ये ‘कोल्हापुरी सोनचुली’ नावाने स्वतःची चटणी आणली. पाकीट लाल, त्यावर नऊवारीतली बाई. आता त्याच्याच वकिलाची नोटीस आलीय: ट्रेडमार्क आमचा आहे, पंधरा दिवसांत तुमचं नाव बंद करा, पाच लाख भरपाई द्या. ताई विचारतात, ‘आमच्याकडे गुमास्ता आहे, फूड लायसन्स आहे, जीएसटी आहे. मग नाव आमचंच ना? का त्यानं नोंदवलं म्हणून आता आम्हीच चोर ठरलो?’

ताई, वकिलाची नोटीस म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे. ती एका पक्षाने मांडलेली बाजू आहे. तिच्या धाकाने पाकिटं बदलू नका, आणि ‘यापुढे हे नाव वापरणार नाही’ असं कुठल्याही कागदावर लिहून देऊ नका. त्या वितरकाला फोन करून भांडूही नका. रागात बोललेलं वाक्य रेकॉर्ड होतं आणि दाव्यात जोडलं जातं. पण नोटीस फडताळात टाकून गप्प बसणं हाही उपाय नाही, त्याचं कारण पुढे सांगतो.

आधी तुमचा एक गैरसमज काढू. गुमास्ता (दुकान नोंदणीचा दाखला), उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची), फूड लायसन्स, जीएसटी यांतल्या कशानेही नावावर हक्क मिळत नाही. त्या खात्यांना तुमचं नाव दुसऱ्यासारखं आहे का, याच्याशी देणंघेणं नसतं. एकाच गल्लीत ‘महालक्ष्मी ट्रेडर्स’ नावाचे दोन गुमास्ते निघू शकतात आणि निघतातही. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढली तरी तेच. उलट तिचं नाव कुणाच्या नोंदणीकृत ट्रेडमार्कशी जुळत असेल, तर स्थापनेपासून तीन वर्षांच्या आत अर्ज करून ते बदलायला लावता येतं. तरीही हे दाखले फेकू नका. हक्क म्हणून त्यांची किंमत शून्य असली तरी तारखेचा पुरावा म्हणून ते सोन्याचे आहेत.

आता त्याच्याकडे नेमकं काय आहे ते तपासा. नोटिशीत क्रमांक दिलेला असेल. ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर तो घातला की अर्जाची सगळी कुंडली फुकट दिसते. तिथे चार गोष्टी बघा. स्थिती ‘रजिस्टर्ड’ आहे, का नुसती ‘ऑब्जेक्टेड’ (हरकत घेतलेली) किंवा ‘ॲक्सेप्टेड अँड ॲडव्हर्टाइज्ड’ (स्वीकारून जर्नलमध्ये जाहीर केलेली)? अर्ज भरला की दुसऱ्या दिवसापासून ‘आमचा ट्रेडमार्क आहे’ म्हणत फिरणारे खूप आहेत. अर्ज जर्नलमध्ये जाहीर झाला असेल पण नोंद झाली नसेल, तर जाहिरातीपासून चार महिन्यांच्या आत विरोध दाखल करता येतो, आणि ही मुदत वाढवून मिळत नाही. दुसरं, नोंद शब्दाची आहे का लेबलची? लेबलची असेल तर त्याचा हक्क त्या अख्ख्या लेबलवर आहे, त्यातल्या प्रत्येक शब्दावर सुटा नाही. तिसरं, वर्ग कोणता? चटणी-मसाला ३० मध्ये येतो, लोणचं २९ मध्ये. चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची: ‘वापर केव्हापासून’ या रकान्यात त्याने काय लिहिलंय? माझा अंदाज आहे की तिथे ‘प्रपोज्ड टू बी यूज्ड’ (वापर अजून सुरू व्हायचाय) असेल किंवा २०२२ची तारीख असेल. तसं असेल तर तुमचं निम्मं काम त्यानेच करून ठेवलंय. २००८च्या आधीची तारीख ठोकून दिली असेल तर आणखी बरं, कारण ती त्याला सिद्ध करावी लागेल.

हे महत्त्वाचं का, ते समजून घ्या. आपल्याकडचा कायदा, म्हणजे ट्रेडमार्क अधिनियम १९९९, नोंदणीला मान देतो, पण आधीच्या वापराला त्याहून जास्त. कलम ३४ सांगतं की नोंदणीधारकाने वापर सुरू केला ती तारीख किंवा त्याच्या नोंदणीची तारीख, यांतली जी आधीची, तिच्याही आधीपासून जो सलग ते नाव वापरतोय त्याला नोंदणीधारक अडवू शकत नाही. नोंदणीची तारीख म्हणजे अर्जाची तारीख धरतात. म्हणजे तुम्हाला २०२२च्या मागे जायचंय, आणि तुम्ही २००८पासून आहात. २०२० मध्ये लॉकडाऊनमुळे काही महिने विक्री थांबली होती असं तुम्ही लिहिलंय. त्याची धास्ती नको. धंदा सोडून देणं वेगळं आणि नाइलाजाने थांबणं वेगळं.

तुमच्या प्रकरणाशी जवळचा निकाल तमिळनाडूतला आहे. तिरुनेलवेलीच्या ‘इरुट्टुकडै हलवा’ या जुन्या मिठाईच्या नावावरून झालेला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१५ मध्ये निकाल लागला. समोरच्याने नावाआधी गावाचं नाव जोडून ‘तिरुनेलवेली इरुट्टुकडै हलवा’ केलं होतं आणि ‘माझ्याकडेही नोंदणी आहे’ असं त्याचं म्हणणं होतं. न्यायालयाने सांगितलं की आधीच्या वापरकर्त्याचा हक्क नंतरच्या नोंदणीपेक्षा वरचढ आहे. हलव्याच्या जागी चटणी आणि तिरुनेलवेलीच्या जागी कोल्हापूर ठेवून बघा.

नोटिशीतला दुसरा मुद्दा तुमच्या विरुद्ध असा मांडलाय की ‘सोनचूल’ आणि ‘सोनचुली’ इतकी सारखी नावं आहेत की ग्राहकाचा गोंधळ उडतो. हे वाचून मला हसू आलं. हे वाक्य तुम्हीच त्याच्याविरुद्ध वापरायचं आहे, आणि त्याने ते सही-शिक्क्यानिशी लिहून दिलंय. पुढे तुम्ही दावा केलात तर ‘नावं वेगळी आहेत हो’ असं म्हणायला त्याला तोंड उरलेलं नाही. ही नोटीस जपून ठेवा, पाकिटासकट. पाकिटावरचा टपालाचा शिक्काही कामाचा असतो.

गोंधळ उडतो का, हे कोर्ट कसं ठरवतं? लोकांना वाटतं की दोन पाकिटं टेबलावर शेजारी ठेवायची आणि फरक मोजायचे. समोरचे वकील नेमकं तेच करतात: यांचा ‘ल’ तिथे आमची ‘ली’, यांच्या बाईच्या हातात मुसळ तिथे आमची बाई डंकाशेजारी उभी, यांचा लाल गडद आणि आमचा फिका. पण ग्राहक दुकानात दोन पाकिटं शेजारी धरून बसत नाही. त्याच्या डोक्यात मागच्या महिन्यातल्या पाकिटाची अर्धवट आठवण असते, तेवढ्यावर तो माल घेतो. १९६२च्या ‘अमृतधारा’ आणि ‘लक्ष्मणधारा’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच धरलं. साधा माणूस नावाची फोड करून अर्थ लावत बसत नाही. अख्खं नाव कानावर कसं पडतं आणि मनात कसं उरतं, ते बघायचं. १९७२चं पार्ले बिस्किटांचं प्रकरण तर तुमच्या पाकिटासाठीच लिहिल्यासारखं आहे. पार्लेच्या वेष्टनावर मधोमध मुलगी, भोवती गाई-कोंबड्या. म्हैसूरच्या कंपनीच्या वेष्टनावरही मुलगी, फक्त डोक्यावर गवताचा भारा, आणि भोवती तशाच गाई-कोंबड्या. न्यायालय म्हणालं, बारकावे वेगळे असले तरी एकूण ठसा तोच आहे, आणि पार्लेच्या बाजूने निकाल दिला.

त्यातही गिऱ्हाईक कोण, हे बघतात. औषधाच्या नावात कोर्ट फार कडक असतं, कारण चुकीची गोळी पोटात गेली तर जीवावर बेतेल. २००१च्या कॅडिला प्रकरणात न्यायालयाने हे स्पष्ट केलं आणि नावांचं साम्य तपासताना काय काय बघायचं हेही सांगितलं: नावाचा प्रकार, माल, घेणाऱ्याचं शिक्षण आणि तो किती चौकसपणे घेतो. लाखाचं यंत्र घेणारा उद्यमनगरातला कारखानदार कंपनीचं नाव दोनदा वाचतो. तुमची चटणी कोण घेतं? पोरगं किराणा दुकानात जातं, ‘ती लाल पाकिटातली बाईची चटणी द्या’ म्हणतं, आणि दुकानदार हाताला लागेल ते पाकीट देतो. कित्येकदा नावाचा उच्चारही होत नाही. म्हणून माझ्या मते तुमच्या प्रकरणात नावाइतकंच पाकीट महत्त्वाचं आहे. नोटिशीच्या उत्तरात रंग, बाई, अक्षरांचं वळण, वजनाचा ठोकळा कुठे छापलाय, हे सगळं यायला हवं.

‘आम्ही पुढे कोल्हापुरी लावलंय, म्हणून वेगळं’ हा त्याचा बचाव फार टिकणारा नाही. गावाचं नाव मालाचं मूळ सांगतं, मालक सांगत नाही. कोल्हापुरी चप्पल आणि कोल्हापूरचा गूळ यांना भौगोलिक मानांकन आहे, पण ते त्या भागातल्या सगळ्या कारागिरांचं आणि उत्पादकांचं मिळून असतं. चपलेचं मानांकन तर महाराष्ट्र-कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांत वाटलेलं आहे. ट्रेडमार्क एका धंद्याचा असतो. २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीच्या कोल्हापुरीसारख्या चपलांवरून गदारोळ झाला तेव्हा पुष्कळांनी या दोन गोष्टींची सरमिसळ केली होती.

आता तुमच्या बाजूची कच्ची जागा. समोरचे म्हणू शकतात की ‘सोन’ आणि ‘चूल’ हे रोजचे शब्द आहेत, त्यावर कुणाची मक्तेदारी कशी? सुटे शब्द रोजचे असले तरी मसाल्यासाठी ते जोडून केलेलं नाव वर्णन करत नाही, त्यामुळे हा मुद्दा मला जड वाटत नाही. तुमचं नाव ‘घरगुती कांदा-लसूण चटणी’ असतं तर मी वेगळं उत्तर दिलं असतं. आपल्याकडे नावं ठेवताना लोक हमखास इथेच फसतात. ‘तांबडा-पांढरा’, ‘झणझणीत’, ‘करवीर’, ‘अंबाबाई’, ‘ज्योतिबा’: ही नावं जवळची वाटतात, गिऱ्हाईक लगेच जमतं, आणि म्हणूनच ती राखता येत नाहीत. ‘रामायण’ नावाच्या अगरबत्तीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितलं की धर्मग्रंथाच्या नावावर कुणी एकट्याने मालकी सांगू शकत नाही. छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्र तर १९५०च्या बोधचिन्हे व नावे कायद्याच्या अनुसूचीतच आहे. ते परवानगीशिवाय धंद्यासाठी ट्रेडमार्क म्हणून मिळत नाही. आणि नाव सारखं असलं म्हणजे दरवेळी जिंकता येतं असंही नाही. कर्नाटकच्या ‘नंदिनी’ दुधाने ‘नंदिनी डिलक्स’ या हॉटेलविरुद्ध लढा दिला, पण २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हॉटेलच्या बाजूने कौल दिला: नंदिनी हे देवतेचं, गायीचं नाव, दोघांचा माल वेगळा, चिन्हं वेगळी. तुमच्याकडे दोघांचाही माल चटणीच आहे, हा मोठा फरक.

आता पुरावा. माझा बहुतेक वेळ यातच जातो आणि बहुतेक पक्षकार इथेच कंटाळतात. ‘सगळ्या कोल्हापूरला माहितीय’ हे कोर्टात चालत नाही. कऱ्हाडजवळच्या एका सहकारी साखर कारखान्याविरुद्ध देशी दारूच्या ‘टँगो पंच’ लेबलवरून एक कंपनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली होती. २०२३ मध्ये निकाल लागला. फिर्यादी कंपनीने विक्रीचे आणि जाहिरातखर्चाचे आकडे सीएच्या दाखल्यावर दिले होते, पण ते पुराव्याच्या कायद्याप्रमाणे शाबीत केले नव्हते. बाजारातली पत सिद्ध झाली नाही आणि कंपनीच्या हाती काही लागलं नाही. एवढी मोठी कंपनी कागदात अडकते, तर घरगुती धंद्याचं काय होईल ते ओळखा. म्हणून नुसता सीएचा दाखला आणून ठेवू नका. त्याखालच्या वह्या, बिलं, बँकेचे उतारे लागतील आणि वेळ पडली तर सीएला साक्षीला यावं लागेल.

जीएसटी २०१७ मध्ये आला, फूड लायसन्सची आत्ताची पद्धत २०११मध्ये. त्याआधीचं तुमच्याकडे सरकारी असं फारसं काही नसणार, म्हणून तुम्ही ‘आमच्याकडे जुनं काहीच नाही’ असं लिहिलंय. असतं, ताई. पाकिटं छापून देणाऱ्या प्रेसची बिलं शोधा. ‘सोनचूल चटणी पाउच’ असं लिहिलेलं २०१०चं छपाईचं बिल मला तुमच्या दहा साक्षीदारांपेक्षा जास्त उपयोगी आहे, कारण ते तिसऱ्या माणसाने, त्या वेळी, वाद नसताना लिहिलेलं आहे. प्रेसवाल्याकडे जुनं डिझाइन कॉम्प्युटरमध्ये असेल तर त्या फाइलची तारीखही चालते. बचत गटाच्या प्रदर्शनात स्टॉल मिळाल्याचं पत्र, नवरात्रात लावलेल्या स्टॉलचा फोटो ज्यात मागे फलक दिसतो, स्थानिक पेपरातली दोन ओळींची जाहिरात, दुकानदारांकडच्या उधारीच्या वह्या, सासूबाईंच्या पासबुकातल्या ‘सोनचूल’च्या नावे आलेल्या चेकच्या नोंदी: एक मोठा बॉक्स घ्या आणि सगळं वर्षावार लावा. आधी झेरॉक्स काढा, मूळ कागदांवर पेनाने काही लिहू नका. पिवळा मार्कर तर अजिबात नको.

आणि एक कागद वेगळा काढून ठेवा: वितरकाला माल दिल्याची चलनं. २०१५ ते २०२१ असं सहा वर्षांचं चलनबुक तुमच्याकडे असणार. त्यातल्या एका पानावर वर छापील ‘सोनचूल’, मध्ये ‘चटणी २०० ग्रॅम, ४ बॉक्स’, आणि खाली ‘माल मिळाला’च्या शेजारी त्याची सही. हा एक कागद दोन कामं करतो. तुमचा वापर त्याच्या आधीचा आहे हे तर सांगतोच, शिवाय नाव तुमचं आहे हे त्याला माहीत होतं हेही त्याच्याच हस्ताक्षरात सांगतो. दुसऱ्याचं नाव माहीत असताना स्वतःचं म्हणून नोंदवणं याला कायदा वाईट हेतू म्हणतो, आणि नोंदणी रद्द करायला तो आधार होतो. त्याच्याशी वितरणाचा लेखी करार असेल तर उत्तमच. नसेल तर व्हॉट्सॲपवरच्या ऑर्डरी आहेत: ‘वहिनी, सोनचूल ५ बॉक्स पाठवा’. नुसते स्क्रीनशॉट पुरेसे नाहीत. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३खालचं प्रमाणपत्र त्यासोबत लागतं, आणि ज्या फोनमध्ये ते मेसेज आहेत तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका.

गोंधळ प्रत्यक्ष झाला हे दाखवावंच लागतं असं नाही, होण्याची शक्यता पुरते. पण झाला असेल तर टिपून ठेवा. तुमच्या नंबरवर त्याच्या मालाची तक्रार आली, दुकानदाराने तुमचं म्हणून त्याचं पाकीट परत पाठवलं, गूगलवर कुणी त्याची चटणी खाऊन तुमच्या पानावर शेरा लिहिला. तारीख, नाव, काय म्हणाले. दोन-तीन दुकानदार प्रतिज्ञापत्र द्यायला तयार झाले तर फार बरं. तयार केलेली, सगळ्यांची भाषा एकसारखी अशी पन्नास प्रतिज्ञापत्रं मात्र आणू नका. न्यायाधीश पहिली दोन वाचतात आणि बाकीच्यांवरचा विश्वास उडतो.

एक गाठ तुमच्याच घरात आहे, ती आधी सोडवा. धंदा सुरू केला सासूबाईंनी, फूड लायसन्स त्यांच्या नावावर, जीएसटी तुमच्या मिस्टरांच्या नावावर, आणि पाकिटावर आता ‘सोनचूल फूड्स’ अशी फर्म. मग २००८पासूनचा वापर कुणाचा? समोरचा वकील पहिला हल्ला इथेच करेल. कलम ३४ आधीच्या मालकाचा वापर धरायला परवानगी देतं, पण ती साखळी कागदावर दिसली पाहिजे. सासूबाईंकडून फर्मला नाव आणि त्याची बाजारातली पत दिल्याचा दस्त करून घ्या. मागची तारीख टाकून नव्हे. खरी तारीख टाका आणि आधीचा इतिहास मजकुरात लिहा. मागच्या तारखेचा स्टँपपेपर शोधणारे लोक मला भेटतात. त्या एका कागदामुळे उरलेले खरे कागदही संशयात येतात. पाकिटावरची बाई कुणी काढली, हेही विचारा. चित्रकाराला किंवा प्रेसच्या डिझायनरला पैसे दिले म्हणजे चित्राचा कॉपीराइट आपोआप तुमचा झाला असं धरून चालू नका. त्याच्याकडून लेखी हस्तांतरण घ्या.

उशिराबद्दल. तुम्हाला २०२२पासून माहीत होतं आणि तुम्ही ‘जाऊ दे, आपलं गिऱ्हाईक आपल्याकडे आहे’ म्हणून गप्प बसलात. नुसत्या उशिराने हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००४च्या ‘लक्ष्मणरेखा’ प्रकरणात म्हटलंय. पण कलम ३३ आहे: नोंदणीकृत नावाचा वापर माहीत असून तुम्ही सलग पाच वर्षं मुकाट चालू दिलात, तर त्यानंतर तुमच्या आधीच्या हक्काच्या जोरावर त्याची नोंदणी पाडता येत नाही की वापर थांबवता येत नाही, त्याने अप्रामाणिकपणे नोंद केली हे दाखवता आलं तरच वाट उरते. अमृतधारेचंच पाहा. नाव सारखं ठरूनही लक्ष्मणधारेला उत्तर प्रदेशापुरती मुभा मिळाली, कारण तिथे अमृतधारावाल्यांना ते वर्षानुवर्षं ठाऊक होतं आणि ते बोलले नव्हते. म्हणूनच नोटीस फडताळात टाकू नका म्हणालो.

करायचं काय, तर या क्रमाने. या आठवड्यात जिल्हा न्यायालयात कॅव्हेट दाखल करा, म्हणजे तुम्हाला न ऐकता एकतर्फी मनाई निघणार नाही. नोंदणीधारकाला स्वतः राहतो किंवा धंदा करतो तिथे दावा लावता येतो, तेव्हा त्याचं गोदाम सांगलीत असेल तर तिथेही कॅव्हेट टाका. ते ९० दिवसच चालतं, पुन्हा भरावं लागतं. मग नोटिशीला उत्तर. त्याचबरोबर तुमचा स्वतःचा ट्रेडमार्क अर्ज: शब्दासाठी वेगळा, लेबलसाठी वेगळा, वर्ग २९ आणि ३० दोन्हीत, वापर २००८पासून असं लिहून आणि त्याचं प्रतिज्ञापत्र, कागद जोडून. ऑनलाइन सरकारी फी वैयक्तिक अर्जदार किंवा लघुउद्योगाला प्रत्येक वर्गामागे ४,५०० रुपये, इतरांना ९,०००. उद्यम नोंदणी इथे उपयोगी पडते. त्याच्या नोंदणीमुळे तुमच्या अर्जावर हरकत येणार हे धरून चाला. पाकिटावर ‘टीएम’ छापायला हरकत नाही. गोलातला ‘आर’ मात्र नोंदणी हातात येईपर्यंत छापू नका, त्याला दंड आहे.

त्याची नोंदणी झालीच असेल तर ती काढून टाकण्यासाठी रेक्टिफिकेशनचा अर्ज रजिस्ट्रीत किंवा उच्च न्यायालयात करता येतो. ट्रेडमार्कचे असे वाद ऐकणारं ट्रिब्युनल (आयपीएबी) २०२१ मध्ये बंद झालं, त्यामुळे जुन्या लेखांत ‘आयपीएबीकडे जा’ असं वाचलंत तर ते सोडून द्या. आणि तुमचा स्वतःचा दावा ‘पासिंग ऑफ’चा, म्हणजे आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपवल्याचा. त्याला तुमची नोंदणी लागत नाही. पत, दिशाभूल आणि नुकसान या तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. वर सांगितलेला कागदांचा बॉक्स त्यासाठीच. हा दावा जिल्हा न्यायालयाखाली चालत नाही. तातडीची मनाई मागणार नसाल तर आधी मध्यस्थीला जावं लागतं. मनाई मिळाली किंवा नाकारली गेली की अपील उच्च न्यायालयात. १८ ऑगस्ट २०२५पासून कोल्हापुरातच सर्किट बेंच बसतंय, त्यामुळे प्रत्येक तारखेला मुंबई गाठण्याचा जुना त्रास बराच कमी झाला.

वेळेबद्दल खोटी आशा देत नाही. पुण्याच्या ‘बर्गर किंग’ हॉटेलविरुद्ध त्याच नावाच्या अमेरिकी कंपनीचा दावा २०११मध्ये लागला आणि जिल्हा न्यायालयाचा निकाल २०२४मध्ये आला, तोही नव्वदच्या दशकापासून नाव वापरणाऱ्या पुणेकर हॉटेलच्या बाजूने. मग त्याच वर्षी डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयाने अपिलाचा निकाल लागेपर्यंत त्या हॉटेलला नाव वापरायला मनाई केली. म्हणजे आधीचा वापर भक्कम दिसला तरी वाटेत पारडं खालीवर होतं. चटणीच्या धंद्यात तेरा वर्षं कुणाला परवडतात? खरी लढाई अंतरिम मनाईच्या अर्जावर होते, आणि तो कागदांच्या जोरावर काही आठवड्यांत-महिन्यांत ठरतो.

पोलिसांत जाऊ का, असं तुमच्या मिस्टरांनी विचारलंय. खोटा ट्रेडमार्क लावणं हा गुन्हा आहे, सहा महिने ते तीन वर्षं शिक्षा आहे. पण जप्तीसाठी डीवायएसपी दर्जाचा अधिकारी लागतो आणि त्याने आधी रजिस्ट्रारचं मत घ्यावं लागतं. त्यात आज नोंदणी झाली असलीच तर ती त्याच्याकडे आहे, तुमच्याकडे नाही. आत्ता हा रस्ता नको.

तडजोडीला मात्र दार उघडं ठेवा. त्याच्याकडे छापलेल्या पाकिटांचा साठा असेल, तोच त्याचा खरा खर्च. ‘तीन महिन्यांत साठा संपव, नाव आणि बाई दोन्ही बदल, नोंदणी मागे घे, आम्ही भरपाई मागत नाही’ असं मध्यस्थीत मिटलं तर मी तुम्हाला सही करायला सांगेन. ‘दोघांनी वापरू, तुम्ही शहर घ्या, मी सांगली घेतो’ असा प्रस्ताव आला तर नको म्हणा. किराणा दुकानदार तालुक्याची हद्द बघून माल भरत नाही, आणि ऑनलाइन विक्रीला तर हद्दच नसते.

उत्तर दीड-दोन पानांचं पुरे. त्यात २००८पासूनचा वापर, तो तुमचा वितरक होता ही गोष्ट, दोन-तीन चलनांचे क्रमांक आणि तारखा, कलम ३४, आणि त्याने नाव थांबवावं ही तुमची मागणी. सगळे पुरावे त्याच्या हातात देऊ नका. इतकंच द्या की त्याच्या वकिलाने ते वाचून त्याला फोन करावा. भरपाईच्या पाच लाखांबद्दल एक ओळ, ‘अमान्य’. स्पीड पोस्टाने आणि ईमेलने दोन्हीकडून पाठवा, पंधरा दिवसांची मुदत संपायच्या आत.